धुतलेला डिंक

होळी आठ-दहा दिवसांवर आली की माझी मान आपोआप खिडकीबाहेर जाते. शेलूबाजारहून सुटलेल्या जीपमध्ये मी कशीबशी कडेची जागा पटकावते, आणि रस्त्यालगत बाभूळ दिसली की तिच्या खोडावरून, फांद्यांच्या बेचक्यांमधून नजर फिरवत बसते. परवा जीपवाल्या भाऊंनी आरशातून बघत विचारलंच, "मॅडम, काई हरपलं का तुमचं बाहेर?"

"नाही हो. डिंक बघतेय."

"डिंक? थो तं दुकानात भेटते ना!"

सगळी जीप हसली. मीही हसले, कारण काही वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच उत्तर दिलं असतं, आणि वर पुड्यावरची तारीख बघून घ्या असंही बजावलं असतं.

हे दिवसच मोठे गमतीचे. तूर घरात येऊन पडलेली, हरभरा उपटून झालेला, गहू पिवळा पडत चाललेला. थंडी गेली म्हणावं तर पहाटे पांघरूण ओढावं लागतं, ऊन आलं नाही म्हणावं तर अकराच्या सुमारास डोक्यावर पदर घ्यावा लागतो. वारा असा कोरडा की बोलता बोलता ओठ फुटतात. पळस तर नुसता भडकलेला असतो. त्याच्यापुढे बाभळीकडे बघतो कोण? काटे, धूळ, लोंबणाऱ्या शेंगा आणि त्या शेंगांसाठी मागच्या दोन पायांवर उभ्या राहिलेल्या शेळ्या. पण नेमक्या याच दिवसांत तिच्या काळ्या, भेगाळलेल्या सालीवर कुठेतरी एक थेंब फुगतो. तो उन्हानं घट्ट होतो, पिवळा होतो, कधी तांबूस, कधी अगदी आरपार दिसेल असा. सकाळचं तिरपं ऊन त्याच्यावर पडलं की लांबूनही चमकतो. एकदा तो ओळखता आला की मग जिथे तिथे तोच दिसतो. मला तो ओळखता आला त्या वर्षाची ही आठवण आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या फजितीची.

मी मूळची अकोल्याची. डिंक म्हणजे माझ्या लेखी एक तर टेबलावरची बाटली. ती उलटी करून दाबायची आणि नंतर बोटांवरचा वाळलेला पापुद्रा सोलत बसायचा. दुसरा डिंक लाडवातला, तो किराणा दुकानातून पुड्यात यायचा. या दोघांचा एकमेकांशी किंवा कुठल्या झाडाशी काही संबंध असेल, असा संशय मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत आला नव्हता. आणि अशा मला इंझोरीच्या पुढच्या एका लहानशा गावात, दोन शिक्षकांच्या शाळेत, मुलांना परिसर अभ्यास शिकवायला पाठवलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथे माझ्यावरचं हसणं अजून थांबलेलं नाही.

शाळेत माझं नाव होतं 'साबण मॅडम'. तोंडावर नाही म्हणायची कोणी, पण भिंतीआडून ऐकू यायचं. मला स्वच्छतेचा भारी सोस. हात धुवा, पेरू धुवा, बोरं धुवा, पाटी धुवा. खिचडीच्या आधी हातपंपाशी रांग, तळहात, बोटांच्या बेचक्या, नखं, मी एकेक तपासणार. मुलं बिचारी निमूटपणे धुवायची. एकदा कोणीतरी खडूही धुऊन आणला होता. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्या फाल्गुनात एका सकाळी मी हजेरी घेत होते. चौथीतल्या सुमितचं नाव घेतलं तर उत्तर नाही. पोरगा समोर बसलेला, डोळे मोठे केलेले, नुसती मान हलवतोय.

"तोंड नाही का तुला?"

सगळा वर्ग खिदळला. "मॅडम, त्याचे दात चिकटले!"

"कशानं?"

"डिंकानं!"

माझ्या डोळ्यांपुढे ती टेबलावरची बाटली आली, आणि मग काय विचारता! मी पाणी आणा म्हणून ओरडले, फोन काढला, सुमितच्या पाठीवर थापा मारायला लागले. तो गुदमरला असता तर माझ्या थापांनीच गुदमरला असता. आरडाओरडा ऐकून आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कांताबाई हातातल्या पळीसकट धावत आल्या. त्यांनी सुमितचं तोंड बघितलं, मग माझं तोंड बघितलं.

"काई नाई होत, मॅडम. बाभयीचा डिंक हाय. पोट्ट्यानं वला खाल्ला. घटकाभरात इरघळते. तुमी बसा, तुमालेच पानी देतो."

तेवढ्यात पायल उठून माझ्या टेबलापाशी आली. चौथीतलीच, दोन घट्ट वेण्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. तिनं कंपासपेटी उघडली. कर्कटकाच्या शेजारी एक मधाच्या रंगाचा खडा होता. तो तिनं माझ्या तळहातावर ठेवला.

"वला नसते खायचा, मॅडम. वाळला की कुडकुड लागते. खाऊन पाहा."

आणि मी, सवयीनं, काय म्हटलं असेल? "धुतलायस का?"

तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मी पुढे न बोलता खडा तोंडात टाकला. आधी चव कळलीच नाही. मग दाताखाली बारीक कुडकुडला, मग मऊ झाला, आणि मग अगदी मागाहून, लाजत लाजत, एक पुसटशी गोडी आली. साखरेसारखी नाही. हे काहीतरी बोलायला फार वेळ घेणारं गोड होतं, आणि मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासाचा तास मी कांताबाईंच्या स्वाधीन केला. त्यांना आधी वाटलं मी थट्टाच करतेय. मग पदर खोचून त्या निघाल्या, मागे सगळी शाळा, सगळ्यात मागे वही घेऊन मी. नाल्याच्या काठानं बाभळी होत्या. कांताबाई एका झाडापाशी थांबल्या आणि एका तांबूस गोळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय हाय, सांगा बरं?"

झाड रडतंय, असं मी वहीत लिहायच्या बेतात होते. लिहिणाऱ्या माणसाला असलं काहीतरी लगेच सुचतं.

"झाडाले पडसं झालं," कांताबाई म्हणाल्या. पोरं हसून हसून गडबडा लोळली, आणि मी माझं वाक्य खोडून टाकलं.

मग त्यांनी शिकवलं. असं शिकवणं मला डी.एड.ला कोणी दाखवलं नव्हतं. बोटानं दाबून बघायचं; दबला तर सोडून द्यायचा, टणक लागला तर अलगद फिरवून काढायचा. साल ओरबाडायची नाही. कडुनिंबालाही डिंक येतो, तो कडवट लागतो, तो लाडवात टाकला तर सासूबाईंना सून कळते. हे ऐकून मोठ्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. पाण्यात घोळून ठेवला की त्यानं कागद चिकटतो. एप्रिलात जयंतीच्या निळ्या पताका आमी यानंच दोरीले लावतो, असं सांगताना कांताबाईंचा आवाज जरा वर चढला, कारण त्यांच्या वस्तीतल्या पताका पावसापर्यंत निघत नाहीत असा त्यांचा दावा होता. भिंतीला द्यायच्या चुन्यात तो घातला की टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीला चुना लागत नाही. आणि तुपात फुलवला की बाळंतिणीच्या कमरेला जोर येतो.

"अन् एक ध्यानात ठेवा," त्या म्हणाल्या. "चिकटवायले पाहिजे तं कसाबी आना. पन बाळंतिनीसाठी झाडाले घाव घालून डिंक काढत नसते. झाडानं आपून होऊन देल्ला तेवढाच न्यायचा."

"काहून?" सुमितनं विचारलं. त्याचे दात एव्हाना सुटले होते.

"थे बी बाळंतीनच हाय ना रे. अंगावर शेंगा घेऊन उभी हाय."

हे मी लिहून घेतलं, आणि ते नंतर खोडलं नाही.

आता मी मंगरूळपीरकडच्या शाळेत आहे. इथेही दरवर्षी या दिवसांत मी मुलांना बाभळीखाली नेते. कांताबाई सांगायच्या ते सगळं सांगते, अगदी पडशासकट. मुलं हसतात. पण सांगता सांगता मी एका जागी जरा अडखळते, आणि मुलांना वाटतं मॅडम विसरल्या. विसरत नाही. तिथे मला एक बादली दिसते.

झालं असं. पायलचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले होते, पार पुण्याच्या बाजूला. गावातली बरीच माणसं तशी जातात आणि उन्हाळ्याअखेर परततात. पायल मोठ्या मायकडे, म्हणजे तिच्या काकूकडे राहत होती. तिची मोठी बहीण ज्योती कामरगावजवळ दिलेली, तिचं हे पहिलं बाळंतपण. जाताना माय पायलला म्हणाली होती, "ज्योतीच्या टाइमाले मी येतोच. तू तवर आपल्या धुऱ्यावरच्या बाभयीचा डिंक जमवून ठेव. येऊन लाडू करतो." ज्योती माहेरी आली. मग भट्टीवरून फोन आला, की हंगाम संपल्याशिवाय निघता येत नाही. मोठ्या मायनं ज्योतीचं सगळं हसतमुखानं केलं, पण तिला स्वतःला गुडघ्यांनी शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, चालवत नव्हतं. ज्योती एवढंच म्हणाली, "मायच्या हातचा लाडू आता दुसऱ्या खेपीले."

ते पायलनं ऐकलं.

पौषापासून ती रोज शाळा सुटल्यावर आपल्या धुऱ्यावरच्या दोन बाभळींपाशी जात होती. कधी दोन खडे मिळायचे, कधी एक, कधी नुसते काटे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डिंकाच्या तासानंतर दोन दिवसांनी तिनं एक प्लास्टिकची बरणी आणून माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा ते सगळं एका दमात सांगितलं. बरणी गळ्यापर्यंत भरली होती. वर्गात आजवर कुणी इतकं देखणं काही आणलं नव्हतं. उन्हात धरली तर आतून पिवळीधमक.

"मायनं नाई केले तं मी करीन," ती म्हणाली. "कांतामावशी शिकवनार हाय. बराबर हाय ना मॅडम, डिंक?"

मी बरणीत हात घातला. खड्यांना सालीचे तुकडे चिकटलेले, माती, एका खड्यात एक मुंगी तर कायमची मुक्कामाला. आणि माझ्या आतली साबण मॅडम जागी झाली.

"अगं, छानच आहे! पण बाळंतिणीच्या पोटात जाणार ना? स्वच्छ नको? दोन पाण्यांनी धू, आणि थोडा वेळ भिजत ठेव, म्हणजे माती खाली बसेल."

मी हे बोलले. माझ्या या तोंडानं. गेल्याच आठवड्यात फळ्यावर दोन रकाने आखून पाण्यात काय विरघळतं आणि काय नाही ते शिकवलं होतं. मीठ, साखर, वाळू, लोखंडाचा खिळा. डिंक कुठल्याच रकान्यात नव्हता. आणि मॅडम म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, हा त्या पोरीचा विश्वास.

तिनं हातपंपावर बादली भरली. सगळा डिंक त्यात ओतला. दोन पाण्यांनी धुतला, तिसऱ्या पाण्यात भिजत ठेवला, आणि वर्गात येऊन बसली. मी भागाकार शिकवला. खिचडीची सुट्टी झाली. ऊन मस्त तापलं होतं.

सुट्टीत कांताबाईंचा आवाज आला. "व माय! हे कोनं केलं?"

मी धावले. बादलीत डिंक नव्हता. एक तपकिरी, लिबलिबीत गोळा होता, त्यात साली अडकलेल्या, मुंगी मोकळी होऊन वर तरंगत होती. पायलनं हात घालून वर उचलायला पाहिलं तर बोटांमधून तारा लोंबल्या. ती रडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, आता वाळन का?"

कांताबाईंनी कपाळावर हात मारला. "मॅडम, तुमी डिंक धुवाले लावला? कवा मीठ धुऊन पाह्यलं का?" इतक्या मुलांसमोर मला असं कोणी बोललं नव्हतं, आणि त्याहून जास्त बोलायला हवं होतं असं मला वाटत होतं.

"पायल, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुझी नाही. माझी आहे." मॅडमची चूक असते, हे वर्गालाही नवीनच होतं.

त्या संध्याकाळी मी कारंजा शहरातल्या दुकानातून उत्तम डिंकाचा पुडा आणला. पांढरे, सारख्या आकाराचे खडे, मातीचा कण नाही. पायलनं तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि विनयानं परत केला. "मॅडम, हा दुकानातला हाय. ताईच्या सासरी बी भेटते."

तो गोळा मात्र कांताबाईंनी वाया जाऊ दिला नाही. फडक्यातून गाळून घेतला, आणि पुढचे चार दिवस आमच्या शाळेत जो काही चिकटवण्याचा कार्यक्रम चालला, तो बघण्यासारखा होता. वाचनालयातल्या सगळ्या फाटक्या पुस्तकांना पाठी आल्या. दोन तुकडे झालेला महाराष्ट्राचा नकाशा जोडला गेला. जोड नेमका आपल्या जिल्ह्यावरून गेला, म्हणून मुलांनी वाशीमवर बोट ठेवून तो वाळेपर्यंत पाळीपाळीनं दाबून धरला. उरलेला चुन्यात घालून स्वयंपाकखोलीची भिंत रंगवली. पायलही सगळ्यात पुढे होती, हात चिकट, वेण्या चिकट, हसतही होती. पण भिंत रंगवून झाल्यावर ती धुऱ्याकडे निघाली, ते मी पाहिलं.

दोन्ही झाडं तिनं आधीच वेचून काढली होती. आता नवीन थेंब यायचे, फुगायचे, वाळायचे. रोज शाळा सुटली की सगळं पोरांचं लटांबर तिच्यासोबत जायचं आणि त्या बाभळींकडे वर बघत उभं राहायचं. मीही जायला लागले. असं कुणाकडे टक लावून बघितलं तर माणूससुद्धा अवघडेल. एकदा सुमित घरून कुऱ्हाड घेऊन आला.

"दोन घाव घातले तं धो धो येईन, मॅडम. आमच्या आजोबानं सांगतलं."

पायल झाडाला पाठ लावून उभी राहिली. "बाळंतिनीसाठी नाई घालत घाव." मग मागे वळून झाडाकडे बघत हळूच म्हणाली, "पन लवकर दे ना व."

त्याच आठवड्यात ज्योती बाळंत झाली. मुलगी झाली. गावात पेढे वाटले, मोठी माय गुडघे विसरून घरोघरी फिरली. बारशाला लाडू व्हायला हवे, असं पायलनं ठरवलं होतं. बरणीच्या तळाला जेमतेम मूठभर डिंक होता.

मग ज्यानं आधी दात चिकटवून घेतले आणि नंतर कुऱ्हाड आणली, त्याच सुमितनं एका सकाळी खिशातून तीन खडे काढले आणि पायलच्या बाकावर ठेवले. "आमच्या धुऱ्यावरचे हायत. आपून होऊन आलेले. घाव नाई घातला."

"आमच्याच बाभयीचा पाहिजे," पायल म्हणाली. "मायनं सांगतलं."

"तुह्या ताईनं आमच्या धुऱ्यावरच्या बोरी झोडपल्या, तवा नाई विचारलं कोनाच्या हायत थ्या!"

वर्ग हसला. पायलनं ते खडे उलटसुलट करून पाहिले. मग बरणी हळूच त्याच्याकडे सरकवली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या खिशांतून, कंपासपेट्यांमधून, ओढणीच्या गाठीतून खडे यायला लागले. नाल्याकडचे, पांदणीच्या वाटेवरचे, वस्तीमागचे, गुरं जमतात त्या आखरावरचे. कांताबाईंनी आपल्या घरच्या डब्यातले दिले. मला वाटलं, आपणही द्यावा. येताना रस्त्यात जीप थांबवली, काट्यांत हात घातला, साडी फाडून घेतली आणि मोठ्या दिमाखात दोन खडे नेऊन दिले. पायलनं एक तुकडा जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"हा कडुनिंबाचा हाय, मॅडम."

काटे बाभळीचे लागले आणि डिंक शेजारच्या कडुनिंबाचा काढला, हे फक्त मलाच जमू शकतं. तिसऱ्या दिवशी माझा एक खडा पास झाला, आणि पगारवाढ झाल्यावरही मी इतकी खूश झाले नव्हते.

डिंक सुपात पसरून चार दिवस उन्हात वाळवला. मुंग्यांवर पहारा बसवला. साल नखानं काढली, माती फुंकून काढली. मी जवळ उभी होते, पण पाण्याचं नाव काढलं नाही.

बारशाच्या सकाळी पायलच्या अंगणात चूल पेटली. खोबरं किसलेलं, खारीक कुटलेली, गूळ चिरलेला, आणि वाटीभर गोडंबी. बिब्ब्याच्या त्या बिया फोडताना हात भाजतात, तरी मोठ्या मायनं स्वतः फोडल्या होत्या. तूप तापलं. कांताबाईंनी झारा पायलच्या हातात दिला. "एक खडा टाक. फुलला तं बाकीचे. नाई फुलला तं परत उनात."

तिनं खडा टाकला. तो तळाला गेला आणि गप्प बसला. मग तडतड झाली, खडा थरथरला, आणि एकदम पांढरा, भला मोठा होऊन वर आला. पोरांनी अशी आरोळी ठोकली की बाजेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. ज्योती हसत होती. पायल हसत नव्हती. ती पुढचे खडे टाकत होती, थोडे थोडे, घाई न करता. फुलले, कुटले, गुळाच्या पाकात मिसळले. लाडू वळताना काही मोठे झाले, काही वाकडे. पहिला तिनं ज्योतीच्या हातात दिला.

तेवढ्यात भट्टीवरून मायचा फोन आला. व्हिडिओ कॉल. मागे विटांची थप्पी दिसत होती, मायच्या कपाळावर धूळ. आधी बाळ दाखवलं, मग लाडू.

"हे कोनं केले व?"

"म्या," पायल म्हणाली. मग तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. ती खोटं बोलू शकत नव्हती, आणि हे सांगायला तिला किती जड जात होतं ते तिच्या मानेवरून दिसत होतं. "माय, आपल्या बाभयीचा जमवला होता. थो पान्यात गेला. मंग थोडकाच निंगाला. बाकी साऱ्यायच्या धुऱ्यावरचा हाय."

पाण्यात कसा गेला, ते तिनं सांगितलं नाही. माझं नाव घेतलं नाही. पलीकडे मायचा चेहरा थबकला. नेटवर्क गेलं की मायच गप्प झाली, काही कळेना.

मग आवाज आला. "ज्योते, खाऊन पाह्य बरं. दाताखाली कचकच लागते का?"

ज्योतीनं घास घेतला, चावला, आणि जरा ओशाळून म्हणाली, "लागते थोडीशी."

माय खळखळून हसली. "मंग आपल्याच गावच्या मातीतला हाय! झाला माहेरचा लाडू. पायल, मी नसून बी झाला बाई."

बादलीपाशी न रडलेली पायल आता मोठ्यानं, भोकाड पसरून रडली. ज्योतीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिला जवळ ओढलं. कांताबाईंनी फोन उचलून दोघींच्या समोर धरला, मायला दिसावं म्हणून. तिकडे मायही डोळे पुसत होती आणि हसत होती. कितीतरी वेळ आम्ही कोणी तो फोन बंद केला नाही.